मनू, रात्री वेळेवर झोपत जा

प्रिय मनू,

काल फोन कट केलास तेव्हा तू रडत होतीस हे मलाही कळलं आणि आईलाही, पण जेवताना आम्ही दोघं त्यावर काहीच बोललो नाही. आज शाळेतून आल्यावर म्हटलं फोन नको, लिहूनच पाठवू, तुला सवड होईल तेव्हा वाच. टेस्टच्या मार्कांचं मी विचारणार नाही. फक्त झोपतेस किती वाजता ते सांग.

तू म्हणालीस, प्लांट किंगडमचा धडा तीनदा वाचला, पेपरमध्ये मार्कॅन्शिया या वनस्पतीचं पुस्तकातलं पान डोळ्यासमोर दिसत होतं, चित्र कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा, पण तिच्यावरचे ते वाटीसारखे जेमा कप कशाला असतात तेच आठवेना. बाळा, यात तुझं डोकं कमी पडलं असं अजिबात नाही. परत परत वाचलं की ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला वाटतं पाठ झालं. दिवाळीत तुझं बायोलॉजीचं पुस्तक चाळलं होतं मी, पिवळा गुलाबी हिरवा, पानावर रंग न लागलेली ओळ शोधावी लागत होती. २०१३ मध्ये डनलॉस्की नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाइट करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या निघाल्या. सगळ्यात वर काय, तर स्वतःच स्वतःची परीक्षा घेणं आणि मधे दिवस सोडून उजळणी करणं.

त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मुलांना उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायला सांगितले, काही एकदाच वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेलं जास्त आठवलं. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा दोनदा वाचलेलं ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढलेलं ५६ टक्के. तुझी प्रवेश परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये ना, मे महिन्यात आहे. म्हणून पुस्तक मिट, कोरा कागद घे, आठवेल ते लिही, अडलीस तरी लगेच उघडू नकोस, थोडा ताण दे डोक्याला, मग बघून राहिलेलं लाल पेननं भर. तेच उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. आणि हे सगळं दिवसा. रात्री दोनला नाही.

बघ, परत वर्गातल्यासारखं सुरू झालं माझं. रागवू नकोस, वीस मुलांसमोर बोलायची सवय आहे, घरीपण सुटत नाही.

आज्जीला अक्षर ओळख नव्हती तरी अख्खा हरिपाठ तोंडपाठ होता हे तुला माहितीये. संध्याकाळी ओट्यावर बसायची, मधेच अडायची, डोळे मिटून तशीच थांबायची, शेजारच्या काकूंनी शब्द सांगायला तोंड उघडलं की हातानं गप्प करायची, आणि मग आपसूक ओळ यायची. तू तिच्या मांडीवर, पायातलं एक पैंजण कायम गायब. तूही तशीच पाठ करत गेलीस, पहिलीत परिपाठाला माइकसमोर उभी राहिलीस, एक शब्द चुकला नाही. मोठे गुरुजी मला म्हणाले होते, पोरगी हुशार आहे हो. मी ते आईला रात्रभर सांगत होतो.

झोपेचं मुद्दाम बोलतोय कारण त्याचाही लक्षात राहण्याशी संबंध आहे. १९२४ मध्येच जेन्किन्स आणि डॅलेनबॅक यांनी दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, पाठ केल्यावर झोपलं तर कमी विसरलं जातं, तेवढेच तास जागं राहिलं तर जास्त. म्हणजे जागरण करून तू जे वाचतेस तेच जातंय. तात्यांच्या दीपकचं झाल्यापासून रात्री फोन वाजला की आई उठून बसते, तिला कारण विचारावं लागत नाही आणि मलाही. सीट लागली नाही तरी आपलं घर कुठे जात नाही, हे मी मनापासून लिहितोय. भावकीत सायन्स घेणारी पहिली मुलगी तू, पण त्याचं ओझं घ्यायचं नाही.

शनिवारच्या एसटीनं येतोय. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे करायला घेतलेत, रूममेटलाही दे. रोज झोपताना एक मेसेज टाक, अकराच्या आत, बाकी काही लिहू नकोस, नुसतं 'झोपले' एवढंच.

तुझे पप्पा