दिवाळीत समुद्रावर जाताय? तेवढी गाडी वाळूवर घालू नका

संपादक साहेब, नमस्कार.

नवरात्र झालं की आपल्या कोल्हापुरात एकच विषय सुरू होतो, दिवाळीत कोकणात कुठं जायचं. मालवण, तारकर्ली, देवगड, वेंगुर्ला. कोण गगनबावड्यानं उतरतंय, कोण राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटानं. मी पण त्यातलाच, गेली बरीच वर्षं जातोय. पण यंदा गाड्या भरायच्या आधी तिथल्या कासवांची एक गोष्ट तुमच्या पेपरातून सगळ्यांच्या कानावर घालावी म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय, जमलं तर पूर्ण छापा.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्र देवगड तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. किनारा मोकळा, माणूस नाही, म्हणून संध्याकाळी जीप सरळ वाळूवर घातली आणि पार टोकापर्यंत पळवली, दोन-तीन राऊंड मारले, व्हिडिओ काढले. परत येताना चाक रुतलं. गावातला एक माणूस पळत आला, साठीच्या पुढचा असेल, म्हणाला "गाडी भायर काढा आदी, मगे बोलूया." त्यानं पोरं बोलावली, फळ्या आणल्या, ढकलून गाडी काढून दिली, एक पैसा घेतला नाही. आणि मग वाळूत बसवून आम्हाला अर्धा तास जे सांगितलं ते ऐकून आम्ही चौघं गप्पच झालो. तो माणूस त्या गावचा कासवमित्र होता.

त्यानं सांगितलेलं असं, की ऑलिव्ह रिडले कासवाची मादी नोव्हेंबरपासून पुढं मार्चपर्यंत रात्री भरतीच्या वेळेला वाळूवर चढते, भरतीच्या रेषेच्या वर दीडएक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. अंड्यांकडं परत बघायला काही येत नाही. त्या अंड्यांवर कोल्हे, कुत्री, घोरपडी टपलेल्या असतात, म्हणून कासवमित्र, म्हणजे ही अंडी राखणारी गावातली माणसं, पहाटे अंधारात किनारा चालत जातात आणि मादीचा माग शोधतात. हा माग कसा असतो माहीत आहे का, साधारण अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूला वल्ह्यांसारख्या पायांचे तिरके ठसे, लांबून बघितला तर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. तो वर जातो, एका जागी वळतो आणि खाली येतो. जिथं वळला तिथं आसपास काठीनं हलकं टोचून भुसभुशीत जागा शोधायची, अंडी अलगद काढायची आणि कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायच्या जागेत, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची, ते पण काही तासांच्या आत.

आता त्या वाळूवर आदल्या दिवशी पाच गाड्या फिरल्या असतील तर काय होणार? सगळीकडं चाकाचेच माग! त्यात कासवाचा कुठला आणि जीपचा कुठला? आणि पहाटे फिरायला कोण गाडी घेऊन आलं तर असलेला माग पण पुसून जातो. म्हणजे अंडी चाकाखाली फुटली तरच नुकसान असं नाही, घरटं सापडलंच नाही तर ते कोल्ह्याच्या वाट्याला जातं. वाळू दबून घट्ट झाली तर आतल्या पिल्लांना वर यायला जड जातं ते वेगळंच. आणि वर आलेलं पिल्लू तळहाताहून लहान असतं, त्याला चाकाची चाकोरी म्हणजे खंदक, त्यातून ते बाहेर पडत नाही, ऊन तापतं आणि कावळे-घारी येतात. तसंही हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं म्हणतात, मग त्या हजारातली आपण आणखी कशाला मारायची.

त्यानंतर मी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दोन-तीन दिवस काढून तिकडं मदतीला जातो. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते, पण येताना वर काय काय असतं ते बघवत नाही. थर्माकोल, चपला, बाटल्या, तुटक्या जाळ्यांचे गुंते, दोरखंड. हे सगळं मादी चढायच्या आधी काढावं लागतं नाहीतर ती अर्ध्यातून माघारी वळते, जाळ्यात अडकली तर मरतेच. गोणी भरून भरून कंबर मोडते. मग हॅचरीसाठी उंचावरची जागा बघायची, बांबू पुरायचे, जाळी बांधायची. एक मात्र सांगितलं होतं, मर्यादवेलीला हात लावायचा नाही, ती जांभळ्या फुलांची वेल वाळू धरून ठेवते.

त्याच दिवसांत पक्षी पण येतात. चिखल्या, तुतवार, कोरल, कुरव. चिखल्या म्हणजे एवढूसा पक्षी, हिमालयाच्या पलीकडून येतो, लाटेच्या कडेनं तुरुतुरु पळत किडे वेचतो, एवढ्या लांबून उडून येऊन अंगातली चरबी संपलेली असते ती त्याला तिथंच खाऊन भरून काढायची असते. थव्यावर गाडी घालून ते उडवायचे आणि रील काढायचे, हे मी गेल्या वर्षी डोळ्यानं बघितलं. नंबरप्लेट एमएच 09, म्हणजे आपल्याच कोल्हापूरची. फार वाईट वाटलं.

आता कोण म्हणेल तिथं अभयारण्याचा बोर्ड कुठाय. नाही, बहुतेक ठिकाणी नाहीच. मालवणचं सागरी अभयारण्य आहे, 1987 सालचं, 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं, त्यावरून तिथल्या मच्छीमारांचा आणि सरकारचा वाद फार जुना आहे, त्यात मी पडत नाही. पण तांबळडेग, वायंगणी असे जे किनारे आहेत जिथं कासवं येतात, ते गावचे साधे किनारे आहेत, ना गेट ना पावती. आणि माझं म्हणणं इथंच आहे. आपण फोंडा घाटानं जातो तेव्हा वाटेत दाजीपूर लागतं, 1958 सालापासूनचं आपलं गव्यांचं अभयारण्य, तिथं आपल्यातला कोण कधी जंगलात गाडी वाटेल तशी पळवत नाही, पावसाळ्यात बंद असतं तर गपगुमान पुढं जातो. तोच माणूस दोन तासांनी समुद्रावर पोचला की त्याला ते खेळाचं मैदान वाटतं. वर गवा, खाली कासव. दोन्ही वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

कोकणातल्या लोकांनी हे काम कुठून कुठं नेलंय बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं सुरुवात केली, त्याआधी अंडी सर्रास खायला आणि विकायला जायची, आज गावागावात कासवमित्र आहेत. मच्छीमारांनी कासव सोडवायला जाळं कापलं तर सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं. 2021 ला ओडिशात टॅग, म्हणजे ओळखीचा नंबर, लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला येऊन अंडी घालून गेली, म्हणजे सगळा भारत वळसा घालून! मला तर तेव्हा आपली पंचगंगाच आठवली. आपल्याला वाटतं आपला समुद्राशी काय संबंध, पण पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा ओडिशाला लागून असलेल्या त्याच पूर्वेच्या समुद्रात जाते, मग आपण पुलावरून टाकलेली निर्माल्याची पिशवी कुठल्या कासवाच्या तोंडात जाते कोण सांगणार.

माझ्या मागण्या दोनच. एक, गगनबावडा आणि दाजीपूर या दोन्हीकडं घाट उतरायच्या आधी मोठा बोर्ड लावावा, की नोव्हेंबर ते मे वाळूवर गाडी नको, रात्री किनाऱ्यावर हेडलाईट आणि मोठे बल्ब नकोत, कारण पिल्लं उजेडाकडं जातात आणि समुद्र सोडून रस्त्यावर येतात. बोर्ड कुणी लावायचा, वनविभागानं की जिल्हा परिषदेनं, ते त्यांनी ठरवावं, खर्च फार नाही, आमच्यासारखे दहा जण वर्गणी काढून देतील. दुसरी मागणी तुमच्याकडं. दिवाळीत तुमच्या पेपरात कोकण पर्यटनाची पानं येतात, हॉटेलं, खानावळी, स्कुबा सगळं असतं. त्यात एक चौकट कासवासाठी ठेवा. आणि ज्या गावात कासव महोत्सव होतो तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला सांगा, पोरांना घेऊन जा म्हणावं, पहाटे हॅचरीतल्या घरट्यावरची टोपली उचलली की खालून पिल्लं निघतात आणि पाण्याकडं चालायला लागतात, माझी धाकटी तेव्हा सात वर्षांची होती, शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत जागची हलली नाही.

आम्ही यंदाही दसऱ्यानंतरच्या शनिवारी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत, हातमोजे आणि गोणी आमच्याकडं आहेत.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर