दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण?

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद,

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतल्या तुझ्या बेसिक कोर्सच्या त्या कागदावर सही करताना मी एक शब्द बोललो नाही, याचा तुला राग आला असणार. आई म्हणते, गाडीत बसेपर्यंत तू माझ्याकडे धड बघितलंही नाहीस. मी बोलायला लागलो असतो तर सही राहिली असती, म्हणून गप्प बसलो. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आमची, अशा मजकुराखाली बापाने नाव लिहायचं म्हणजे... जाऊ दे. सही केली, कर्नाटक एक्सप्रेस गेली, विषय संपला.

हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे. इथे काल पारा 44 ला टेकला आणि तुझी आई माळ्यावर चढून तुझे जुने हातमोजे शोधत होती. ते आता सापडले. नवी पेठेत आपण लोकरीची टोपी मागितली तेव्हा त्या दुकानदाराने माझ्याकडे कसं बघितलं, आठवतंय ना? हातमोजे वेगळ्या पाकिटाने पाठवतो आहे.

दुसरं, उंचीवर डोकं दुखलं, उलटी झाली, रात्री झोप येईना, तर लगेच तिथल्या इन्स्ट्रक्टरना सांग. अंगावर काढू नकोस. 'ए' ग्रेड मिळाली नाही तर पुढे अ‍ॅडव्हान्स कोर्सला घेत नाहीत, हे तूच सांगितलंस. म्हणूनच सांगतो. दहावीला अंगात ताप असताना गुपचूप गोळी घेऊन पेपराला जाणारी तू. ग्रेड पुढच्या वर्षीही मिळते. पाणी पीत राहा, पायमोजे ओले ठेवू नकोस, आणि दोर कोण धरणार आहे ते आधी नीट बघून घे.

झालं. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आपल्या सोलापुरात डोंगर कुठला? किल्ला आहे तोही भुईकोट. चढायची हौस असलेली तुमची मंडळी शनिवारी रात्री टेम्पो ट्रॅव्हलर भरून निघणार, रविवारभर सह्याद्रीत, आणि सोमवारी पहाटे परत येऊन डोळे चोळत कामावर. मी तुमच्या ग्रुपला 'बिनकामाची पोरं' म्हणायचो. त्यातल्या दोघांना अजूनही म्हणतो. नळदुर्गला तटावरून फिरण्यापर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण तू 'बाबा, आता क्लाइंबिंग' म्हणालीस तेव्हा मी तुमच्याबरोबर तैलबैल्याला आलो, ते डोंगर बघायला नाही. तुझा दोर कोण धरतो ते बघायला आलो होतो.

त्या दोन भिंतींच्या मधल्या खिंडीत, देवापाशी मी बसलो होतो. तू वर, आणि खाली तो मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा तुला बिले देत होता, म्हणजे तू पडलीस तर थांबवायला तुझा दोर धरून होता. मान सतत वर. घाम डोळ्यांत उतरत होता, माशी नाकावर बसली, तरी त्याचा उजवा हात दोरावरून सुटला नाही. कुणीतरी चहा पुढे केला तर त्याने नुसती मान हलवून नको म्हटलं. तिथेच मी त्याला पास केला. मग तुझा पाय सटकला. दोर ताणला, तू हातभर खाली आलीस आणि लटकल्या लटकल्या हसलीस. मी मात्र नंतर बराच वेळ उठलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं, ते खोटं होतं.

आणि तो दोर तू धुवायला घरी आणलास ती दुपार. टपात साध्या साबणाचं पाणी, वाळत घालायचा तो सावलीत. उन्हाने नायलॉन कमजोर होतो हे मला कुणी सांगायला नको, माझा जन्म सुतात गेला. सवयीने मी तो सबंध दोर बोटांतून ओढला. वरची वीण वेगळी, आतला गाभा वेगळा, आणि खरा भार गाभ्यावर. एका टोकाकडे बोटाला मऊ लागलं. दुमडून बघितला तर बाकी सगळीकडे गोल वळत होता, तिथे चपटा मोडत होता. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तू लगेच फोन लावलास आणि तेवढं टोक कापून टाकलं. पुढे कितीतरी दिवस तू भेटेल त्याला सांगत होतीस, "आमच्या बाबांनी पकडलं." मी ऐकलंच नाही असं दाखवायचो.

आता तिकडे उत्तरकाशीजवळ टेखल्याच्या खडकावर तुला बिले देणाऱ्याला मी बघितलेलं नाही. त्याचा दोरही माझ्या बोटांखालून गेलेला नाही. पुढे डोकराणी हिमनदीवर तर म्हणे एका दोरात तिघा-चौघांना बांधून चालवतात. एक भेगेत गेला तर बाकीच्यांनी बर्फात अंग टाकायचं, कुऱ्हाड रोवायची आणि धरून ठेवायचं. कुठला कोण पोरगा, कुठली कोण पोरगी, आठवडाभराची ओळख. त्यातल्या एखाद्याचं लक्ष नसलं तर?

शिकवणारे पक्के आहेत, 1965 पासूनची संस्था आहे, हे सगळं तू ऐकवून झालं आहेस. पटतं. पण 4 ऑक्टोबर 2022 चं द्रौपदी का डांडा शिखरावरचं हिमस्खलन मी वाचून काढलं. त्याच संस्थेच्या तुकडीतले 29 जण गेले. तुला म्हणालो तर तू पटकन म्हणालीस, "ते अ‍ॅडव्हान्सवाले होते, बाबा, शिखराच्या वाटेवर होते." म्हणजे तूही वाचलं होतंस आणि घरात बोलली नव्हतीस. मला ते जास्त लागलं. लपवत जाऊ नकोस गं. वाईट असेल तेही सांगत जा, आईला नाही तर मला तरी. मुलीने बापाला... बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. राहू दे. तू चोवीस वर्षांची आहेस, मला कळतं.

अक्काला मी सांगितलं की बचेंद्री पाल याच संस्थेत शिकली आणि 1984 साली एव्हरेस्टवर गेली, आपल्या सोलापूरचा आनंद बनसोडे 2012 साली जाऊन आला. अक्का म्हणाली, "त्यांच्या आयांना इचार." आजोबा संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वराच्या यात्रेतला उंच नंदीध्वज पेलायच्या सरावाला जायचे तेव्हाही ती अशीच उंबऱ्यावर बसून राहायची, ते येईपर्यंत जेवायची नाही. तुझ्या परतीच्या गाडीची तारीख मी तिला अजून सांगितलेली नाही, नाहीतर आजपासून दिवस मोजेल.

कारखान्यात मात्र सगळ्यांना सांगून झालंय. जॉबरची, म्हणजे माझी, पोरगी हिमालयात बर्फ चढायला गेली म्हणून शेठनी स्वतः चौकशी केली. मी म्हटलं, हो, गेली आहे, त्यात काय एवढं. दुसऱ्या पाळीतल्या लोकांना मग मीच मुद्दाम थांबून सांगितलं.

वर गेल्यावर फोन लागणार नाही हे माहीत आहे. खाली आलीस की पहिला फोन आईला कर. मला तुझ्या दोरातल्या मंडळींची नावं आणि गावं लिहून पाठव. सॅकच्या तळाशी शेंगाचटणीच्या दोन पिशव्या आहेत. एक तुझी. दुसरी त्यांच्यासाठी, आणि जो तुला बिले देतो त्याला आधी वाढ.

तुझा,
बाबा