नव्या गावात हात देणाऱ्यांचे आभार

नोकरीसाठी लहान गावात एकट्याने राहायला येणाऱ्या मुलामुलींना सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. खोली ठरवण्याआधी नळाखाली बादली लावून ५ मिनिटांत किती भरते ते बघा, मोबाईलची रेंज दारात नव्हे, आतल्या खोलीत खिडक्या लावून तपासा, हे तुम्हीच सांगता. भिंतीला तळापासून हातभर ओल असेल तर नुसत्या रंगाने ती जात नाही. पाणी जमिनीतून वर चढत राहतं. शेवटची गाडी कितीची, ती चुकली तर कोणाला फोन करायचा, रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे कागदावर लिहून देता. फोन बंद पडला की तोच कागद कामाला येतो. आणि पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी खोली खायला उठते तेव्हा, ‘आहेस ना गं घरात?’ म्हणत दार वाजवता, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच.