डेकवरच्या हॉट टबात उतरण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

नव्या घराचे फोटो पाहिले. जुना मालक डेकवर हॉट टब ठेवून गेलाय आणि काका-काकू आले की त्यांना रोज त्यात बसवणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

काकांना बीपीची गोळी चालू आहे ना? गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, त्यात गोळीची भर. बसलेलं असताना काही जाणवत नाही. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि पायाखाली ओला डेक! त्यांच्या डॉक्टरांना आधी विचार. 104 अंश फॅरनहाइट, म्हणजे 40 सेल्सिअस, ही धडधाकट माणसाची कमाल मर्यादा. डॉक्टर हो म्हणाले तरी काकांसाठी मी शंभराच्या आत ठेवीन, तेही दहा मिनिटं. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नकोस, वेगळा थर्मामीटर घे. "वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेला माणूस आहे मी," असं काका सुनावतीलच, ऐकून घे. आणि तुझी ती बिअर टबाबाहेर.

चिमी पाच वर्षांची होईपर्यंत तिला टबात घ्यायचंच नाही. झाकणाला कुलूप हवं, नुसतं झाकण पुरत नाही.

मला खरी धास्ती आहे ती तळाच्या जाळीची, जिच्यातून पंप पाणी ओढतो. 2002 साली व्हर्जिनियात सात वर्षांची ग्रेम बेकर, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात, पंपाच्या ओढीने अशाच जाळीला चिकटली. तिला पोहता येत होतं. आईने जीव खाऊन ओढलं तरी सुटेना. शेवटी दोन पुरुषांनी मिळून खेचलं तेव्हा जाळीच तुटली, पण तोवर उशीर झाला होता. 2007 मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि पोहण्याच्या सार्वजनिक तलावांत सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. घरच्या जुन्या टबात मात्र जुनी जाळी तशीच असू शकते. सुरक्षित जाळीवर ती किती वर्षं चालेल ते छापलेलं असतं, ते बघ. तडा असेल तर टब बंद. पंपाचा स्विच कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेव. लांब केस वर बांधूनच उतरायचं.

आता पाणी. जुन्या मालकाचं पाणी सोडून दे, पाइप धुऊन घे, फिल्टर नवा टाक. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतं, म्हणून उतरण्याआधी दर वेळी पाणी तपासायची पट्टी बुडवून बघ: क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग), पीएच (पाण्याची आम्लता) 7 ते 7.8. पाणी नितळ दिसलं म्हणून सोडू नकोस. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात एक टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता. त्याचे तुषार श्वासातून गेले आणि लीजनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंमुळे 30 हून अधिक माणसं दगावली. काकांना सिगारेटचा जुना खोकला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

जाळीचा फोटो आणि टबाचा मॉडेल नंबर पाठव, नवी जाळी मिळते का ते मी बघतो. ती बसेपर्यंत पंप चालू करू नकोस.

काका-काकूंना सा. न., वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
सुधीर