दोष केवळ नालेसफाईचा नाही
मुंबईतील हिंदमाता परिसरात पुन्हा पाणी तुंबल्याची बातमी वाचली. सारा ठपका नालेसफाईवर ठेवणे पटत नाही. हा भाग बशीसारखा खोलगट. भोवतालचे पाणी इथेच उतरते. मोठ्या भरतीला समुद्र उलटा शिरू नये म्हणून पातमुखांची, म्हणजे नाले समुद्राला मिळतात त्या तोंडांची, दारे बंद होतात आणि भिस्त उरते ती मुख्यतः पंपांवर. त्यातच पुनर्विकासातील इमारती भराव घालून जोते उंचावतात. त्यांचे पाणी शेजारच्या जुन्या चाळीत शिरते, हे अन्यायाचे आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर हजार चौरस मीटरच्या भूखंडावर ५० हजार लिटर पाणी पडते. तेवढी साठवण टाकी भूखंडातच बांधल्याशिवाय सखल भागात भरावाला परवानगी देऊ नये. ही टाकी ओहोटीला रिकामी झालीच पाहिजे, नाहीतर पुढच्या सरीला ती निरुपयोगी ठरेल.
– एक वाचक, परळ