‘एरर नाही’ ऐकून ऐकून थकल्यावर भेटलेल्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

परवा आंबोली घाट चढून आलो. पाऊस होता, धुकं होतं, दुचाकीवर मागे बायको बसली होती आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. रेस दिली की गाडी उचलत होती, सोडली की उतरत होती. ज्याची गाडी धड चालते त्याला यात पत्र लिहिण्यासारखं काही वाटणार नाही. पण जूनपासून मी हा घाट जीव मुठीत धरून चढतोय. वळणावर रेस पिळावी तर इंजिन ढिम्म. मागून एसटीचा हॉर्न. आणि आता पाय टेकावा म्हणेपर्यंत हिसका देऊन गाडी उडी घेणार. मीटरवरचा पिवळा दिवा क्षणभर पेटायचा, विझायचा. खाली वेंगुर्ल्यात आलो की सगळं गुपचूप.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरचं नाव मी लिहीत नाही, तुम्हीच म्हणालात कशाला कोणाच्या पोटावर पाय. पण काय काय ऐकून घेतलं ते लिहितो. आधी पेट्रोलमध्ये पाणी. मग थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवा, एअर फिल्टर नवा. मग सॉफ्टवेअर अपडेट. दरवेळी बिल, दरवेळी गाडी धुऊन चकाचक, आणि जॉब कार्डवर ‘ग्राहक समाधानी’. तो ग्राहक म्हणे मीच. लॅपटॉप लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे जुने कोड आधी पुसायचे आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवायची, बघा सर, एरर नाही. शेवटी तिथल्या साहेबांनी विचारलं, घाटात गिअर कुठला टाकता तुम्ही? वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला! बाहेर कुठे उघडलीत तर वॉरंटी जाईल, हे वर.

सावंतवाडीच्या रस्त्यावर तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी उभी केली तेव्हा मी बोलायलाही कंटाळलो होतो. तुम्ही हात पुसलेत, समोर बसलात आणि म्हणालात, “होत असतला. कधी होता ता सांग.”

थंड असताना होतं की तापल्यावर, खड्ड्यात गेल्यावर होतं का, एकदम होतं की हळूहळू. हे प्रश्न मला तोवर कोणी विचारलेच नव्हते. मग तुम्ही तो व्होल्ट मोजायचा जुना काट्याचा मीटर काढलात. मला वाटलं, झालं, आता रेडिओ दुरुस्त करणार. पण रेस किती दिली ते गाडीच्या कंप्युटरला सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीला टोक लावून रेस सावकाश पिळलीत आणि काटा अर्ध्या व्होल्टापासून चारच्या वर सरळ चढत गेला. सेन्सर चांगला, म्हणालात. नंतर इंजिन तापवून टाकीखालची वायरिंग बोटांनी हळूहळू हलवत गेलात, आणि एका जागी काटा धाडकन शून्यावर. आकड्यांच्या मीटरवर असा झटका कळेपर्यंत होऊन गेलेला असतो, हे त्या दिवशी शिकलो.

कोणीही इथे वायर कापली असती, जोडली असती, पैसे घेतले असते. तुम्ही माझं बोट धरलंत आणि त्या जागेवर नेऊन ठेवलंत. “हय दाब. मव लागता मां?” लागली. बाहेरचं प्लास्टिक अख्खं, आत मात्र तारच नसल्यासारखी पिचपिचीत. कंपनीने क्लिप आवळून बसवलेली, तिथेच इंजिनाच्या थरथरीने तुटत गेलेली. सोलल्यावर आतून हिरवी पूड गळली. खाऱ्या हवेने तांबं खाल्लेलं. तापलं, थरथरलं की संपर्क सुटायचा, रेस किती दिली तेच कंप्युटरला कळायचं नाही. थंड झालं की चिकटायचं, मग लॅपटॉपला दिसणार काय?

काका, गाडी दुरुस्त झाली त्याचे आभार आहेतच. पण खरे आभार त्या बोटाचे. इतके महिने मला वेड्यात काढलं होतं. घरातसुद्धा ‘तुम्हाला भास होतात’ इथवर आलं होतं. तुम्ही नुसतं ‘झाली’ म्हणून चावी हातात दिली असती, तर मनात शंका राहिलीच असती.

बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे नियम, २०२० मध्ये आल्यापासून दुचाकींत सर्रास सेन्सर आले, तपासायला लॅपटॉप आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्याकडेही उद्या लॅपटॉप येवो. पण समोरचा माणूस खोटं बोलत नाहीये एवढं गृहीत धरायला कुठलं यंत्र लागतं? ते आमच्या गावात चहाच्या टपरीवरही मिळतं, भातलावणीला न बोलावता येणाऱ्या शेजाऱ्यात मिळतं. वातानुकूलित काउंटरवरच ते का मिळू नये?

पैसे घेताना तुम्ही फक्त वायरीचे आणि मजुरीचे घेतलेत, मीटर लावल्याचे कसले पैसे म्हणून हसलात. तो हिशोब मी बायकोला सांगितला तर ती म्हणाली, काकांना आपल्या झाडाचे आंबे द्या. ते मे महिन्यात. त्याआधी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, पाऊस ओसरला की बाकीचे कनेक्टर उघडून ग्रीस भरायला येतो. भाच्याची गाडीही आणतोय बरोबर. तिलाही ‘एरर नाही’ आहे.

तुमचा,
वेंगुर्ल्याचा गिऱ्हाईक