ड्रॉइंगसोबत फॉन्टही पाठवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) लहान वर्कशॉपमध्ये बाहेरून आलेले, ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले ड्रॉइंग उघडले की कित्येकदा डायाच्या (व्यासाच्या) चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह, चौकोन किंवा नुसता ‘एन’ दिसतो. ऑपरेटर अंदाजाने काम उरकतो आणि जॉब (तयार केलेला भाग) रिजेक्ट झाला की खापर त्याच्या माथी फुटते. हा त्याच्यावर अन्याय आहे. चूक पाठवणाऱ्याच्या फाइलीत असते.

फाइलीत चिन्हाचा आकार नसतो, फक्त अक्षराचा कोड आणि फॉन्टचे नाव असते. ऑटोकॅडच्या जीडीटी या मापचिन्हांच्या फॉन्टमध्ये स्मॉल ‘एन’ म्हणजे डाया, ‘व्ही’ म्हणजे काउंटरबोर (छिद्राच्या तोंडाशी केलेला रुंद, सपाट तळाचा खळगा), ‘डब्ल्यू’ म्हणजे काउंटरसिंक (तोंडाशी केलेला शंकूसारखा खळगा) आणि ‘एक्स’ म्हणजे खोली. याच धर्तीवर काही ऑफिसे स्वतःचा एसएचएक्स (ऑटोकॅडच्या रेषांच्या प्रकारातला) फॉन्ट बनवून घेतात. समोरच्याकडे तो नसला की ऑटोकॅड ‘फॉन्टआल्ट’ या सेटिंगमध्ये ठरलेला पर्यायी फॉन्ट लावते, जो बहुधा सिम्प्लेक्स हा साध्या अक्षरांचा फॉन्ट असतो. मग 18 मिमी डायाचा, 6 मिमी खोल काउंटरबोर ‘व्हीएन18एक्स6’ असा उमटतो. वाचणाऱ्याला तो 18 बाय 6 चा खाचा वाटला तर नवल नाही. प्रश्नचिन्ह दिसले तर माणूस निदान फोन करून विचारतो. हा ‘एक्स’ मात्र रोजच्या वापरातला, म्हणून जास्त घातक.

फॉन्ट सापडला नाही की ऑटोकॅड तसे विचारते. तिथे दुर्लक्ष करून पुढे जाण्याचा पर्याय निवडून ‘नेहमी असेच करा’वर खूण केली, की पुढच्या फाइलींना ती सूचनाही येत नाही. ती खूण कधीच करू नये.

साध्या चिन्हांसाठी खास फॉन्टची गरजच नाही. दोन टक्क्यांची चिन्हे आणि लगेच ‘सी’ टाइप केले की डाया येतो, ‘डी’ने अंश, ‘पी’ने अधिक-उणे. पहिला पसंतीचा मार्ग हाच ठेवावा. खोली, काउंटरबोर किंवा ऑफिसचे स्वतःचे चिन्ह हवेच असेल तर त्यासाठी ‘स्टाइल’ कमांडने वेगळी टेक्स्ट स्टाइल करावी. सगळ्या मापांची स्टाइल त्या फॉन्टवर नेऊ नये, नाहीतर फॉन्ट हरवला की सगळेच बिघडते.

पाठवताना ‘ईट्रान्समिट’ (ड्रॉइंगसोबत लागणाऱ्या फाइली एकत्र करणारी कमांड) वापरावे आणि सेटअपमध्ये फॉन्ट जोडण्याच्या चौकटीत खूण आहे ना हे बघावे. एसएचएक्स फाइल ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवली तरी चालते. ट्रूटाइप, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या, फॉन्टचे तसे नाही. तो विंडोजमध्ये बसवावा लागतो, तोही उजव्या क्लिकने ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’, आणि नंतर ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडावे. विकतचा फॉन्ट असेल तर तो दुसऱ्याला द्यायची परवानगी आहे का तेही तपासावे. शिवाय एक पीडीएफ जोडावीच. एसएचएक्सची अक्षरे तिच्यात रेषा म्हणून उतरतात, त्यामुळे रूप बदलत नाही. ट्रूटाइपसाठी पीडीएफच्या पर्यायांत फॉन्ट समाविष्ट करण्याची खूण करावी.

टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉइंगवरच्या नाव-माहितीच्या चौकटीतल्या) मराठी-गुजराती मजकुराचीही हीच गत होते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात, फॉन्ट गेला की नुसती निरर्थक अक्षरे उरतात. विंडोज 8 पासून सोबत येणारा निर्मला यूआय युनिकोड असून त्यात दोन्ही लिपी आहेत. नव्या कामात तोच घ्यावा.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांकडून एवढे तरी करून घ्यावे: तयार ड्रॉइंग खास फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडायचे आणि प्रत्येक माप मूळ पीडीएफशी ताडून बघायचे.

आपला,
ड्राफ्टिंगच्या कामातील एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे